विमानतळ झाला, मग विमान का टिकत नाही?

15 जून 2023 रोजी सोलापुरात श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी पाडण्यात आली. काही सेकंदांचं काम. त्याआधी मात्र वर्षानुवर्षं आंदोलनं, नोटिसा, कोर्टकचेऱ्या चालल्या होत्या. एका बाजूला विमानसेवा हवी म्हणणारे शहरवासी, दुसऱ्या बाजूला कारखान्याचे सभासद शेतकरी. चिमणी पडली, आता विमान आलंच, असं पुष्कळांनी धरून चाललं. होटगी रोडच्या त्या धावपट्टीवरून त्यानंतरचं पहिलं नियमित प्रवासी विमान सुरू झालं 9 जून 2025 ला, आणि तेही गोव्याचं. मुंबईच्या विमानासाठी त्याच वर्षीचा ऑक्टोबर उजाडला.

सिंधुदुर्गात नेमकं उलटं झालं. परुळे-चिपीच्या सड्यावरचा विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 ला थाटामाटात सुरू झाला, पहिल्या दिवसापासून मुंबईचं विमान होतं आणि प्रवासीही होते. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईची फेरी बंद पडली. विमानतळ आहे तिथेच आहे.

सोलापूरचं विमान यायला इतका वेळ का लागला आणि चिपीचं गेलं का, या दोन प्रश्नांची उत्तरं कळली की अमरावती, जळगाव, नांदेड, लातूर अशा कुठल्याही गावच्या विमानतळाची बातमी नीट वाचता येते. त्या बातम्यांत टर्मिनलच्या काचा आणि कोनशिला दिसतात. विमान ज्यावर टिकतं ते फोटोत येत नाही.

चिमणीचा विमानाशी संबंध काय?

चिमणी काही धावपट्टीवर नव्हती, मग तिचं काय अडत होतं, हा सोलापुरात तेव्हा सर्रास विचारला जाणारा प्रश्न. विमानतळाची हद्द कुंपणापाशी संपत नाही. वर आकाशातही त्याची एक मोकळी जागा आखलेली असते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मध्यम आकाराच्या धावपट्टीभोवती साधारण 4 किलोमीटरच्या परिघात जमिनीपासून 45 मीटरच्या वर काही जाऊ नये, अशी अपेक्षा असते. 45 मीटर म्हणजे पंधरा मजली इमारत. सिद्धेश्वरची चिमणी होती नव्वद मीटरच्या आसपास, म्हणजे दुप्पट. धावपट्टीच्या दोन्ही टोकांसमोर तर नियम आणखी कडक. तिथे विमान उतरताना जी तिरपी वाट धरतं, तिच्या खाली पुरेसं अंतर राखावं लागतं.

यातली मेख अशी की एका इंजिनात बिघाड झाला तरी विमान सुखरूप वर जाईल, हे गृहीत धरून ही जागा आखलेली असते. रोजचं विमान चिमणीवरून आरामात जाईल हो. हिशोब वाईट दिवसाचा असतो. हल्ली लहान शहरांत विमानतळाच्या अवतीभवती बारा-पंधरा मजली टॉवर उठतायत आणि त्यांच्या जाहिरातीत 'विमानतळापासून दहा मिनिटं' असं झळकतं. उद्याच्या चिमण्या त्याच.

धावपट्टी लांब केली की झालं ना?

लहान शहरांत येणारं विमान बहुतेक वेळा एटीआर 72 असतं. पंख्यांचं, सत्तरच्या आसपास आसनांचं. त्याला दीड किलोमीटरच्या आत-बाहेरची धावपट्टी पुरते. इंडिगो, एअर इंडिया वापरतात ती एअरबस 320 जातीची विमानं 180 च्या घरात माणसं नेतात; त्यांना दोन किलोमीटरहून अधिक लांबी लागते. अमरावतीच्या बेलोरा विमानतळाची धावपट्टी 1372 मीटरवरून 1850 मीटर केली आणि 16 एप्रिल 2025 ला तिथे एटीआर येऊ लागलं. चिपीची धावपट्टी आधीपासूनच अडीच किलोमीटरची आहे. लांबीने विमान टिकत असतं, तर चिपीची मुंबई फेरी आज भरभरून चालली असती.

आणि लांबीचा आकडाही फसवा. हवा तापली की विरळ होते, विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, म्हणून विमानाला जास्त धावावं लागतं. उंचावरच्या गावातही तसंच. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून 600 मीटरवर आहे, सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. धावपट्टी तेवढीच असेल तर मग वजन कमी करावं लागतं, म्हणजे काही आसनं मुद्दाम रिकामी ठेवायची किंवा सामान मागे ठेवायचं. त्यात लहान विमानतळावर इंधन भरायची सोय नसेल तर परतीचंही इंधन येतानाच भरून आणावं लागतं. ते वजन आणखी वेगळं. मे महिन्यात भर दुपारी लहान शहरातून निघणाऱ्या विमानाचं तिकीट 'सोल्ड आउट' दिसतं आणि आत शिरल्यावर मागच्या रांगा रिकाम्या असतात, त्यामागे कधी कधी हे गणित असतं.

परवाना म्हणजे नेमकं कशाकशाचा?

विमानतळाला परवाना देतं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजेच डीजीसीए. त्यांचे लोक धावपट्टीचा पृष्ठभाग, कडेचं कुंपण, दिवे, खुणा, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, सगळं तपासतात. सुरक्षेची मंजुरी दुसऱ्या कार्यालयाकडून येते. हवामानाची नोंद घेणारी यंत्रणा तिसऱ्याची.

यातलं एकच उदाहरण जवळून पाहू. आगीचे बंब. विमानतळावर किती आणि कसे बंब हवेत, हे तिथे येणाऱ्या विमानाच्या लांबी-रुंदीवर ठरतं. एटीआरला एक श्रेणी, एअरबसला वरची. बंबाने सूचना मिळाल्यापासून तीन मिनिटांच्या आत धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला पोचलं पाहिजे, दोन मिनिटांत पोचलं तर उत्तम. बंब, त्यात फेस तयार करणारं रसायन आणि प्रशिक्षित माणसं हजर नसतील तर ते विमान उतरूच शकत नाही. आता दिवसाला एकच फेरी असलेला विमानतळ डोळ्यांसमोर आणा. विमान वीस-पंचवीस मिनिटं थांबणार. त्या तेवढ्या वेळासाठी बंब, पोलीस, सामान तपासणारे, नियंत्रण कक्ष, सफाई, सगळा लवाजमा पगारावर. फेऱ्या एकाच्या चार झाल्या तरी हा खर्च फारसा वाढत नाही. म्हणून पहिली फेरी सर्वांत महाग पडते.

ढग आले की विमान परत का फिरतं?

सर्वांत जास्त चिडचिड याचीच होते. आपल्या गावात नुसतं धुकट असतं, मुंबईत धो धो पाऊस कोसळत असतो, तरी मुंबईत विमानं उतरतात आणि आपलं मात्र रद्द.

विमान उतरवण्याच्या दोन रीती आहेत. एक, वैमानिकाने डोळ्यांनी बाहेर पाहून उतरवणं. यासाठी समोरचं साधारण 5 किलोमीटर दिसलं पाहिजे आणि ढग फार खाली नकोत. दुसरी, जमिनीवरच्या उपकरणांकडून येणाऱ्या रेडिओ लहरींवर भरवसा ठेवून धावपट्टीच्या अगदी जवळ येईपर्यंत खाली येणं. मुंबईत दुसरी सोय आहे. अनेक लहान विमानतळ पहिल्या रीतीच्या परवान्यावर सुरू होतात, कारण ती स्वस्त आणि लवकर जमते.

शिर्डीला याचा चांगलाच फटका बसला. ऑक्टोबर 2017 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सुरू झालेल्या या विमानतळावर भाविकांमुळे प्रवाशांची कधी वानवा नव्हती. नोव्हेंबर 2019 मध्ये मात्र दृश्यमानता 5 किलोमीटरच्या खाली राहिली आणि सलग कित्येक दिवस उड्डाणं रद्द झाली. धावपट्टी अडीच किलोमीटरची, प्रवासी हजर, विमान कंपन्या तयार. अडलं ते दिसण्यापाशी. रात्रीची विमानं तिथे 2025 मध्ये सुरू झाली.

मग उपकरणं बसवून टाका की! उपकरणांपेक्षा जमीन महाग पडते. डोळ्यांनी उतरायच्या धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना जेवढी सपाट, मोकळी पट्टी लागते, त्याच्या जवळजवळ दुप्पट उपकरणांच्या धावपट्टीला लागते. दोन्ही बाजू मिळून सुमारे 280 मीटर. शिवाय टोकापासून पुढे शेकडो मीटर दिव्यांच्या रांगा उभ्या कराव्या लागतात, म्हणजे धावपट्टी संपल्यावरही कोणाच्या तरी शेतात जायचं. त्यामुळे 'यंत्रणा मंजूर' अशी बातमी आली तरी ती चालू व्हायला भूसंपादनाच्या वेगाने वेळ जातो. तो वेग आपल्याकडे काय असतो ते सांगायला नको.

अडीच हजारांत तिकीट परवडतं कसं?

परवडत नाही. फरक दुसरं कोणी तरी भरतं.

केंद्राची 'उडान' योजना ऑक्टोबर 2016 मध्ये आली आणि 27 एप्रिल 2017 ला शिमला-दिल्ली हे पहिलं विमान उडालं. साधारण तासाभराच्या प्रवासाला सुरुवातीला 2500 रुपयांची मर्यादा ठेवली. विमानातली साधारण निम्मी आसनं या मर्यादेत विकायची, उरलेली बाजारभावाने. कंपनीला जी तूट येईल ती तीन वर्षं सरकार भरून देणार. या भरपाईला सरकारी कागदात 'व्हीजीएफ' म्हणतात. पुढे तीच अक्षरं वापरतो.

एसटीच्या मुक्कामी गाडीसारखं आहे हे. दुर्गम गावात रात्री थांबून पहाटे निघणारी गाडी त्या फेरीच्या तिकिटांवर कधीच फायद्यात येत नाही, हे डेपोतल्या शिपायालाही ठाऊक असतं. गाडी चालते, कारण तोटा दुसरीकडून भरला जातो. भरणं थांबलं की आधी शनिवार-रविवार रद्द, मग 'चालक उपलब्ध नाही', मग फलकावरून नाव गायब. फरक एवढाच की एसटी महामंडळावर गावकऱ्यांचा, आमदारांचा दाब चालतो. खासगी विमान कंपनीला तसं बांधून ठेवता येत नाही. करार संपला की ती मोकळी.

व्हीजीएफचा पैसा येतो कुठून? मोठा वाटा मुंबई-दिल्लीसारख्या गजबजलेल्या मार्गांवरच्या विमानांवर लावलेल्या आकारातून, म्हणजे शेवटी त्या प्रवाशांच्या तिकिटातून. बहुतेक राज्यांना व्हीजीएफचा 20 टक्के भार उचलावा लागतो. त्याशिवाय पोलीस आणि अग्निशमन राज्याने फुकट द्यायचं, इंधनावरचा व्हॅट उडान विमानतळांवर 1 टक्क्यावर आणायचा. विमानतळानेही या फेऱ्यांकडून उतरण्याचं आणि उभं राहण्याचं भाडं घ्यायचं नाही. हा मुद्दा फार कोणी बोलत नाही, पण त्याचा अर्थ असा की उडानच्या फेऱ्या वाढल्या म्हणून विमानतळाची तिजोरी भरत नाही. तिथे कॅन्टीन, पार्किंग, जाहिरातींचे फलक यांवरच भिस्त, आणि दिवसाला सत्तर माणसं येणाऱ्या ठिकाणी कॅन्टीनवाला तरी किती भाडं देणार?

चौथ्या वर्षी काय होतं?

नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, यांनी 2023 च्या अहवालात हा हिशोब मांडला आहे. उडानच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत 774 मार्ग दिले गेले. त्यातले 403 सुरूच झाले नाहीत. जे 371 सुरू झाले त्यांपैकी 112 मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली. आणि तीन वर्षांनंतर, व्हीजीएफ थांबल्यावर, मार्च 2023 मध्ये चालू होते फक्त 54.

चिपीचं मुंबई विमान या साच्यात अगदी चपखल बसतं: ऑक्टोबर 2021 ला सुरू, तीन वर्षं पूर्ण, ऑक्टोबर 2024 ला बंद. पण फक्त व्हीजीएफ संपला म्हणून ते गेलं, असं म्हणणं अर्धवट ठरेल. त्या तीन वर्षांत आजूबाजूला बरंच बदललं. जानेवारी 2023 मध्ये गोव्याचा मोपा विमानतळ सुरू झाला, सिंधुदुर्गच्या सीमेला खेटून. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गच्या माणसाला मोपा चिपीपेक्षा सोयीचा, तिथे दिवसभर विमानं, कंपन्यांत स्पर्धा, म्हणून भाडंही कित्येकदा कमी. जून 2023 मध्ये मुंबई-मडगाव वंदे भारत आली, ती कणकवलीला थांबते. जिल्ह्याच्या दोन्ही टोकांचे प्रवासी असे वाटले गेले. उरलेल्यांत चाकरमानी मोठ्या संख्येने. त्याला विमान हवं असतं ते गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात. जुलैत चिपीला जाणारं कोण? आणि विमानाचा हप्ता तर जुलैतही भरावा लागतो.

फ्लाय 91 या गोव्यातल्या कंपनीने 2024 मध्ये चिपीहून बंगळूरू, हैदराबाद आणि पुण्याच्या फेऱ्या सुरू केल्या. मुंबई सोडून बाकीच्या शहरांकडे वळणं हा मला तरी शहाणपणाचा विचार वाटतो, कारण मुंबईला जायला रेल्वे आहे, हैदराबादला थेट काही नाही.

सोलापूरला राज्य सरकारने वेगळी वाट धरली. मुंबईच्या मार्गासाठी उडानची वाट न पाहता राज्यानेच एक वर्षासाठी प्रति आसन 3240 रुपये व्हीजीएफ द्यायचं ठरवलं. तिथेही सोलापूर-मुंबई वंदे भारत फेब्रुवारी 2023 पासून धावते आहे. वर्षभरानंतर विमान स्वतःच्या पायावर उभं राहील का, हे आसनं कोण घेतो यावर आहे: स्वतःच्या खिशातून तिकीट काढणारा, की कंपनीच्या खर्चाने जाणारा. दुसऱ्याला भाड्याची फिकीर नसते, वेळेची असते.

मुंबईत जागा नाही म्हणजे काय?

वेळेचा विषय निघाला की स्लॉट येतोच. स्लॉट म्हणजे विशिष्ट वेळी उतरायची किंवा उडायची ठरवून दिलेली पाळी. मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या तासाला तिथे 46 विमानांची ये-जा व्हायची. 2024 मध्ये ती 44 वर आणली. म्हणजे दर सव्वा ते दीड मिनिटाला एक विमान!

अशा ठिकाणी सत्तर जणांचं एटीआर आणि 180 जणांची एअरबस, दोघांनाही एकच पाळी खर्च होते. उलट हलकं विमान मोठ्याच्या मागे आलं तर हवेतल्या भोवऱ्यांमुळे अंतर जास्तच सोडावं लागतं. मिळालेला स्लॉट कंपनीने 80 टक्के वापरला तर पुढच्या हंगामातही तो तिच्याकडेच राहतो. त्यामुळे सकाळी सात-आठच्या पाळ्या जुन्या कंपन्यांच्या मुठीत, आणि नव्याने आलेल्या लहान गावाच्या वाट्याला दुपारी एक-दीडची वेळ.

याने प्रवासी तुटतो. सोलापूरच्या यंत्रमागवाल्याला किंवा अमरावतीच्या वकिलाला सकाळी निघून मंत्रालयातलं, हायकोर्टातलं काम उरकून संध्याकाळी घरी यायचं असतं. विमान दुपारी असेल तर एक रात्र लॉजवर काढावी लागते. मग रात्रीच्या रेल्वेने काय वाईट? सकाळचं विमान हवं असेल तर ते रात्री आपल्याकडे मुक्कामाला हवं, त्यासाठी रात्री उतरायची सोय हवी, आणि तिथे आपण पुन्हा दिवे, जमीन आणि बंबवाल्यांच्या दुसऱ्या पाळीपाशी येऊन पोचतो.

25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईहून विमानं सुरू झाल्याने ही कोंडी थोडी सैल व्हायला हवी. पण तिथेही पहिल्या टप्प्यात धावपट्टी एकच आहे. चांगल्या वेळा सुरुवातीलाच मागून ठेवल्या नाहीत तर दहा वर्षांनी तिथेही हेच ऐकायला मिळेल.

हे सगळं श्रीमंतांसाठीच ना?

आक्षेप रास्त आहे. जिल्ह्यातल्या बहुसंख्य लोकांना एसटी वेळेवर आली तरी पुरे. सत्तर जणांसाठी आसनामागे तीन हजार रुपये आणि ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर नाही, हा प्रश्न टाळता येणारा नाही. माझं मत असं की प्रत्येक जिल्ह्याला प्रवासी विमान हवं, हा हट्टच चुकीचा. शे-सव्वाशे किलोमीटरच्या आत दोन-तीन विमानतळ असतील तर प्रवासी वाटले जातात आणि कुठलाच नीट चालत नाही. लातूर आणि नांदेड, कोल्हापूर आणि बेळगाव, चिपी आणि मोपा या जोड्या नकाशावर पाहाव्यात. प्रवासी विमान नसलं तरी विमानतळ रिकामाच राहतो असंही नाही. बारामतीत वैमानिक घडतात. रुग्णाला हलवायला, प्रत्यारोपणाचा अवयव न्यायला, पुरात मदत पोचवायला धावपट्टी लागतेच, आणि त्यासाठी काचेच्या टर्मिनलची गरज नसते.

चाललेला एकही नाही का?

कोल्हापूर आहे. उजळाईवाडीचा विमानतळ संस्थानकाळातला, छत्रपती राजाराम महाराजांच्या पुढाकाराने झालेला. मधे बरीच वर्षं तिथेही विमान यायचं-जायचं, बंद पडायचं. किंगफिशरची फेरी 2011 मध्ये थांबली, 2018 मध्ये उडानमधून पुन्हा सुरुवात झाली. पण तिथे कामं योग्य क्रमाने होत गेली. हैदराबाद, बंगळूरू हे मार्ग लवकर मिळाले, म्हणजे मुंबईच्या स्लॉटवर सगळं अवलंबून राहिलं नाही. धावपट्टी 1370 मीटरवरून 1930 मीटर झाली, 2022 मध्ये रात्रीची सोय आली, आणि टर्मिनलची नवी इमारत सर्वांत शेवटी, मार्च 2024 मध्ये. अंबाबाईचे भाविक, फौंड्री आणि साखर धंद्यातली माणसं, कागल-गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतले अधिकारी असा तिन्ही त्रिकाळ चालणारा प्रवासीही आहे. आता धावपट्टी आणखी वाढवायची तर जमीन हवी आहे, आणि ती मुडशिंगीच्या शिवारात आहे.